नोड आजारी, काम चालू

भिलाईत जी. ई. रोडवर सुपेला आलं की उत्तरेकडे वळायचं. पुढे कोहका लागतं. पूर्वीचं गाव, आता महापालिकेत आलेलं. रेल्वे लाइनच्या दक्षिणेला पोलाद कारखाना आणि त्याची टाउनशिप, उत्तरेला आम्ही. कारखान्यातून निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं. तेव्हा अनेक कुटुंबांनी कोहका, स्मृतीनगर, जुनवानी या भागांत घरं बांधली. आमचं घरही त्यातलंच. बाबा ब्लास्ट फर्नेसला होते. मी वरच्या मजल्यावरच्या खोलीतून एका कंपनीचं सर्व्हर-क्लस्टर सांभाळते.

कंपनी पॅथॉलॉजी लॅबसाठी सॉफ्टवेअर चालवते. नमुन्याची नोंद, तपासणी-यंत्रातून आलेले आकडे, रिपोर्टचं पीडीएफ, रुग्णाच्या फोनवर जाणारा संदेश, हे सगळं आमच्याकडून जातं. मशीन नवी मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये आहेत आणि त्यांच्यावर कुबरनेटिस चालतं. गूगलने २०१४ मध्ये खुली केलेली ही प्रणाली आज जगभर वापरात आहे. तिच्यात प्रोग्रॅम लागणाऱ्या सगळ्या सामानासकट कंटेनरमध्ये बंद केलेला असतो. एक किंवा काही कंटेनर मिळून पॉड होतो, ज्या मशीनवर पॉड चालतो त्याला नोड म्हणतात, आणि कोणता पॉड कोणत्या नोडवर पाठवायचा हे शेड्युलर ठरवतो.

अशी अनेक मशीन एकत्र असली की त्यातलं एखादं आजारी असणारच. कधी मेमरी, कधी डिस्क, कधी केबल. त्यापायी लॅबचे रिपोर्ट थांबता कामा नयेत. माझं काम एवढंच, आणि त्यात दिवस कसा जातो ते इथे लिहिते आहे. दिवस मे महिन्यातला, ऑन-कॉलचा: सकाळी सहा ते रात्री दहा.

सकाळी ६.००

कारखान्यात पहिली पाळी सहा ते दोनची. बाबा निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी सहाच्या आत त्यांचा चहा झालेला असतो. मी कप घेऊन वर येते आणि रात्रपाळीच्या सहकाऱ्याने लिहून ठेवलेली नोंद वाचते. आज दोन ओळी आहेत. नोड १४: मेमरीच्या दुरुस्त झालेल्या चुका वाढत आहेत. नोड २२: एका डिस्कवर खराब सेक्टर वाढले आहेत. दोन्ही नोड 'रेडी' आहेत.

हे 'रेडी' म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगायला हवं, कारण दिवसभराची निम्मी झटापट त्याच्याशी असते. प्रत्येक नोडवर क्युबलेट नावाचा प्रोग्रॅम चालू असतो. तो दर १० सेकंदांनी मुख्य सर्व्हरला 'मी आहे' असं कळवतो. मूळ सेटिंगप्रमाणे ४० सेकंद काहीच आलं नाही की नोड 'नॉट-रेडी' ठरतो. नव्या आवृत्त्यांत ही मुदत ५० सेकंद केली आहे. मग त्या नोडवर टेन्ट लागतो, म्हणजे 'इथे येऊ नका' अशी खूण. नवे पॉड तिकडे जात नाहीत आणि असलेल्यांनाही निघायला सांगितलं जातं. पण बहुतेक पॉडना ३०० सेकंदांची सवलत मिळालेली असते. त्यामुळे मशीन बंद पडल्यापासून त्याच्यावरचं काम दुसरीकडे उभं राहायला जवळपास पावणेसहा मिनिटं जातात.

ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली आहे. नेटवर्क क्षणभर गेलं म्हणून शेकडो पॉड इकडून तिकडे हलवले तर त्या हलवाहलवीचाच त्रास मोठा होतो. आम्ही रिपोर्ट दाखवणाऱ्या सेवेसाठी सवलत ३० सेकंदांवर आणली आहे, कारण तिथे पॉड नव्याने उभा करणं सोपं आहे. डेटाबेससाठी मात्र पूर्ण ३०० सेकंद ठेवले आहेत.

सकाळी ७.३०

लॅबमध्ये उपाशीपोटीचे नमुने सात ते नऊमध्ये घेतात. दहा ते एक हा रिपोर्टांचा ऐन गर्दीचा वेळ. म्हणून संशयित नोड नऊच्या आत रिकामे करायचे, असा माझा नियम आहे.

नोड १४ ची मेमरी अजून काम बिघडवत नाही. सर्व्हरची मेमरी एका बिटाची चूक स्वतः पकडते, दुरुस्त करते आणि लॉगमध्ये नोंद टाकते. मग घाई कशाला, असं नवे लोक विचारतात. २००९ मध्ये बियांका श्रोडर आणि गूगलमधल्या सहकाऱ्यांनी गूगलच्या मशीनवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मेमरी-पट्टीत दुरुस्त होणाऱ्या चुका दिसतात, तिच्यात पुढे दुरुस्त न होणारी चूक येण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते, असं त्यात आढळलं. दुरुस्त न होणारी चूक आली की मशीन जागच्या जागी कोसळतं, आणि ते दहा वाजता कोसळायला नको.

आधी कॉर्डन, मग ड्रेन. कॉर्डन केला की चालू काम तसंच राहतं, नवं येत नाही. ड्रेनमध्ये चालू पॉडही एकेक करून बाहेर काढले जातात. किती पॉड एका वेळी काढायचे याला मर्यादा असते. रिपोर्ट-सेवेचे सहा पॉड आहेत आणि किमान पाच कायम चालू हवेत, असा नियम आम्ही लिहून ठेवला आहे. त्यामुळे एक निघतो, दुसऱ्या नोडवर उभा राहतो, 'तयार आहे' म्हणतो, तेव्हाच पुढचा हलतो.

नोड १४ शेवटच्या पॉडपाशी अडकतो. एका टीमच्या सेवेचा पॉडच एक आहे आणि 'किमान एक चालू हवा' असा नियमही त्यांनी लावलेला आहे. ड्रेन दर पाच सेकंदांनी विचारतं आणि दर वेळी नकार येतो. हा पॉड जबरदस्तीने काढता येतो, पण नियम त्या टीमने लिहिला आहे आणि त्यांची सेवा त्यांना माझ्याहून जास्त माहीत आहे. मी पुण्याच्या सहकारणीला फोन करते.

"अगं, तुमच्या त्या सेवेचे दोन पॉड करतेस का? एकाने नोड अडलाय."

"दोन चालतील. एकच ठेवायचं तसं कारण काही नव्हतं."

दुसरा पॉड उभा राहतो, पहिला सुटतो. साडेआठला दोन्ही नोड रिकामे आहेत. नोड १४ वर फक्त डेटाबेसचा एक पॉड मुद्दाम ठेवला आहे, त्याचं दुपारी. खाली पोहे झालेत. इकडच्या रिवाजाप्रमाणे सोबत जिलबी.

सकाळी १०.२०

अलर्ट येतो: पीडीएफ बनवणारे जॉब मोठ्या संख्येने अयशस्वी होत आहेत.

डॅशबोर्डवर सगळे नोड हिरवे. सीपीयू ठीक, मेमरी ठीक, नेटवर्क ठीक. मी अयशस्वी पॉडांची यादी मागवते आणि तिच्यातला नोडच्या नावाचा रकाना वरून खाली वाचते. नोड ३१, नोड ३१, नोड ३१. मधे एकही दुसरं नाव नाही. त्यातल्या एका पॉडचा लॉग उघडते. दोनच ओळी: तात्पुरती फाइल लिहिता आली नाही, फाइलसिस्टिम रीड-ओन्ली आहे.

नोडचा कर्नल लॉग बघितल्यावर उलगडा होतो. या मशीनमध्ये दोन डिस्क आहेत. एकीवर ऑपरेटिंग सिस्टिम आणि क्युबलेट, दुसरीवर पीडीएफ जॉब आपल्या तात्पुरत्या फाइली लिहितात. दुसऱ्या डिस्कवर त्रुटी आली आणि लिनक्सने सावधगिरी म्हणून तिच्यावर लिहिणं बंद केलं. वाचता येतं, लिहिता येत नाही. क्युबलेटची डिस्क धडधाकट असल्यामुळे तो दर १० सेकंदांनी 'मी आहे' म्हणतोच आहे. त्याचं म्हणणं खरंच आहे.

पण एका डिस्कने एवढे जॉब कसे पडले? कारण शेड्युलर नोडांना गुण देतो आणि मूळ सेटिंगमध्ये ज्या नोडवर जास्त जागा मोकळी त्याला जास्त गुण मिळतात. नोड ३१ वर पॉड येतो, दोन सेकंदांत पडतो, त्याने अडवलेली जागा मोकळी होते. पुढच्या पॉडच्या वेळी शेड्युलर बघतो तर हाच नोड सगळ्यात रिकामा. तोही इकडेच. चांगल्या नोडवर एक पीडीएफ बनायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात हा नोड कितीतरी जॉब गिळतो. आजारी मशीन जितक्या झटपट काम पाडतं तितकं ते शेड्युलरला हवंहवंसं वाटतं. क्लस्टर चालवणाऱ्यांनी मनात पक्की धरावी अशी एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगेन.

कुबरनेटिसच्या आधी गूगलमध्ये बोर्ग नावाची प्रणाली होती. तिच्यावरचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादं काम एखाद्या मशीनवर पडलं तर तीच जोडी पुन्हा जमवायची नाही, अशी काळजी बोर्ग घेतो, असं त्यात लिहिलं आहे. कुबरनेटिसचा शेड्युलर मूळ रूपात अशी आठवण ठेवत नाही. प्रत्येक पॉड त्याला नवा आणि प्रत्येक वेळी नोडही नवा. पूर्वी काय झालं ते त्याला कळावं असं वाटत असेल तर ते टेन्टच्या रूपाने आपणच नोडवर लिहायला हवं.

त्यासाठी आमच्या प्रत्येक नोडवर कर्नल लॉग वाचणारा 'नोड प्रॉब्लेम डिटेक्टर' बसवलेला आहे. त्याने ही त्रुटी मिनिटाच्या आत पकडली होती आणि नोडच्या माहितीत 'रीड-ओन्ली फाइलसिस्टिम' अशी नोंदही केली होती. पण नुसत्या नोंदीकडे शेड्युलर बघत नाही, तो टेन्टकडे बघतो. नोंद वाचून नोड कॉर्डन करणारा आमचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. त्याला दोनची मर्यादा घातली आहे: दोन नोड आधीच बाहेर असतील तर तिसरा स्वतः काढायचा नाही, माणसाला विचारायचं. सकाळपासून १४ आणि २२ बाहेर आहेत, म्हणून प्रश्न माझ्याकडे आला.

मी नोड ३१ कॉर्डन करते. एका ओळीची आज्ञा. पुढचे जॉब दुसरीकडे जातात आणि पूर्ण होऊ लागतात. डिस्क का गेली, केबल सैल आहे की डिस्कच मेली, हे सगळं नंतर. ऐन गर्दीत निदान करत बसायचं नाही. आधी मशीन रांगेबाहेर, मग तपासणी.

सकाळी ११.००

आता मागे राहिलेलं आवरायचं. कुबरनेटिसमध्ये जॉब पडला की तो पुन्हा केला जातो, मूळ सेटिंगमध्ये सहा वेळा, दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करत: १० सेकंद, २० सेकंद, ४० सेकंद. सहाही वेळा ज्यांच्या नशिबी नोड ३१ आला त्यांनी प्रयत्न सोडून दिला आहे. त्यांची यादी काढून पुन्हा सोडते.

इथे एक धोका असतो. एखादा जॉब पीडीएफ बनवून, संदेश पाठवून, अगदी शेवटच्या पायरीला पडला असेल तर रुग्णाला तोच रिपोर्ट दुसऱ्यांदा जाईल. संदेश पाठवणारी सेवा रिपोर्टचा क्रमांक आधी तपासते आणि एकदा गेलेला पुन्हा पाठवत नाही, म्हणून निर्धास्तपणे सोडता येतं. आजारी मशीनवरचं काम उचलून दुसरीकडे न्यायचं असेल तर ते काम दोनदा केलं तरी बिघडणार नाही असं मुळातच लिहिलेलं असावं लागतं. ती जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. शेड्युलर कितीही हुशार असला तरी ती उणीव भरून काढत नाही.

सगळे रिपोर्ट बाराच्या आत गेले. एका लॅबवाल्याचा फोन आला होता. उशीर का झाला आणि आता काय स्थिती आहे, ते त्यांना मराठीत सांगितलं.

दुपारी १२.३०

डेटा सेंटरमधल्या तंत्रज्ञाचा निरोप: नोड २२ ची डिस्क बदलली. नोड १४ च्या मेमरी-पट्टीचा क्रमांक त्यांना कळवला आहे, संध्याकाळपर्यंत बदलतील. नोड ३१ ला नवी डिस्कच लागणार.

नोड ३१ च्या डिस्कने आधी काही इशारा दिला होता का, ते मी शोधते. डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवते. त्याला स्मार्ट म्हणतात. तिथे सगळं स्वच्छ. याचं नवल वाटायला नको. गूगलने २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निकामी झालेल्या डिस्कांपैकी अर्ध्याहून अधिक डिस्कांत स्मार्टच्या चार ठळक खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. म्हणजे भाकितावर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. डिस्क न सांगता जाणार हे धरून चालायचं, आणि गेल्यावर किती लवकर कळतं आणि किती लवकर बाजूला होता येतं यावर मेहनत घ्यायची.

दुपारी १.३०

बाहेर मे महिन्याचं ऊन. वीज दहा मिनिटं गेली, इन्व्हर्टरवर राउटर आणि लॅपटॉप चालू राहिले. वरण-भात, पातोडीची भाजी, पन्हं.

बाबा विचारतात, "सकाळी काय पडलं?" मी सांगते. त्यांना कारखान्यातलं कॅपिटल रिपेअर आठवतं. भिलाईची पहिली ब्लास्ट फर्नेस ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हापासून कुठली ना कुठली भट्टी आतलं विटांचं अस्तर बदलायला बंद ठेवावी लागतेच.

"भट्टी बंद करायची तारीख आधी ठरायची," बाबा म्हणतात. "आणि त्या दिवसांतलं लोखंड बाकीच्या भट्ट्या कशा देणार, हेही आधीच ठरायचं. ते ठरल्याशिवाय भट्टीला कोणी हात लावत नसे. तुमच्याकडे जास्तीची भट्टी आहे का?"

आमचं ड्रेन म्हणजे तेच कॅपिटल रिपेअर, फक्त वारंवार होणारं आणि पुष्कळदा तारीख न देता येणारं. पण त्यांच्या प्रश्नाला सोपं उत्तर नाही. साडेचारला त्यावरच बैठक आहे.

दुपारी ३.००

नोड १४ ची मेमरी बदलण्याआधी एक पेच सोडवायचा आहे. सकाळचं ड्रेन म्हणजे वेब सेवा आणि जॉब यांची रवानगी होती. या नोडवर डेटाबेसचा एक पॉड आहे आणि तो मी ड्रेनमधून मुद्दाम वगळला होता. त्याचा डेटा याच मशीनच्या डिस्कवर आहे. पॉड काढला तर तो दुसऱ्या नोडवर जाऊ शकत नाही. डेटा जिथे, तिथेच त्याला उभं राहावं लागतं.

डेटाबेसच्या तीन प्रती आहेत, तीन वेगवेगळ्या रॅकमधल्या मशीनवर. नोड १४ वरची प्रत सध्या मुख्य आहे, म्हणजे लिखाण तिच्यावर होतं. आधी बाकीच्या दोन प्रती मागे नाहीत ना ते बघायचं, मग मुख्यपद दुसरीकडे द्यायचं, मग ही प्रत शांतपणे थांबवायची. तीनच्या सुमाराला लॅबची गर्दी ओसरते, म्हणून ही वेळ. पदबदलात काही सेकंद लिखाण थांबतं. सेवा पुन्हा जोडल्या जातात.

हेच मशीन अचानक गेलं असतं, आणि डेटा त्याच्या डिस्कऐवजी दोन्हीकडून पोचता येणाऱ्या बाहेरच्या साठवणीत असता, तर? अशा वेळी कुबरनेटिस डेटाबेसचा नवा पॉड आपण होऊन उभा करत नाही. मशीन मेलं आहे की फक्त नेटवर्क तुटलं आहे, हे त्याला लांबून कळत नाही. नेटवर्कच तुटलं असेल तर जुना पॉड तिकडे जिवंत असू शकतो, आणि एकाच डेटावर दोघं लिहू लागले तर डेटाची वाट लागते. म्हणून माणसाने खात्री करून 'हा नोड सेवेबाहेर आहे' असा वेगळा टेन्ट लावायचा, मगच पुढचं होतं. ही सोय २०२३ मध्ये आलेल्या १.२८ या आवृत्तीत स्थिर झाली. टेन्ट लावण्याआधी मशीनची वीज खरोखर बंद आहे याची मी डेटा सेंटरकडून खात्री करून घेते. डेटाच्या बाबतीत घाईपेक्षा खात्री मोठी.

संध्याकाळी ४.३०

बैठक. आलेख सांगतो की सर्व्हरांचा सीपीयू सरासरी निम्म्याच्या आसपास वापरात असतो. त्यामुळे काही मशीन कमी करावीत असा प्रस्ताव आहे. खर्चाचा विचार रास्तच आहे, म्हणून मी आकडे घेऊन बसते.

शेड्युलर प्रत्यक्ष वापर बघत नाही. प्रत्येक पॉडने 'मला एवढी जागा राखून ठेवा' म्हणून जे मागितलेलं असतं, त्याचा हिशेब तो ठेवतो. वापर निम्मा असला तरी राखीव जागा जवळजवळ भरलेली असू शकते. समजा ४० नोड आहेत आणि सगळ्यांवर मिळून ३८ नोडांएवढी जागा राखलेली आहे. तीन नोड बाहेर गेले की उरतात ३७. एका नोडएवढे पॉड लटकत राहणार, आलेखात सीपीयू निम्मा मोकळा दिसत असला तरी. आज सकाळी साडेदहाला आमचे तीन नोड बाहेर होते आणि कोणी लटकलं नाही, कारण जागा होती.

मोकळी जागा दोन मार्गांनी मिळवता येते. पहिला, पॉडांनी उगाच फुगवून मागितलेली जागा खऱ्या वापराच्या जवळ आणणं. त्यात बराच वाव आहे आणि तो मी मान्य करते. दुसरा, सगळ्यात कमी प्राधान्याचे रिकामे पॉड ठेवून जागा धरून ठेवणं. खरं काम आलं की ते तत्काळ बाजूला होतात. १९ नोव्हेंबर २०२३ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. अशा गर्दीसाठी ऐनवेळी मशीन वाढवण्यावर न विसंबता जागा आधीच तयार ठेवायची, ही पद्धत त्यांच्या इंजिनिअरांनी जाहीरपणे मांडली आहे. आमची गर्दी त्यापुढे किरकोळ, पण नवं मशीन उभं राहायला लागणारा वेळ आम्हालाही लागतोच.

ठरतं असं: मागण्या महिनाभरात तपासून खाली आणायच्या, त्यानंतरही तीन नोडांएवढी जागा कायम मोकळी ठेवायची, आणि मशीन तूर्त कमी करायची नाहीत.

संध्याकाळी ६.००

ऊन उतरलं. कोपऱ्यावर गुपचूपची गाडी लागली आहे. पाणीपुरीला छत्तीसगडात हेच नाव.

नागपूरचा एक नवा मुलगा टीममध्ये आला आहे. रोज संध्याकाळी तासभर त्याला शिकवते. आज त्याचा प्रश्न नेमका आहे: "ताई, त्या प्रोग्रॅमला दोन नोडांची मर्यादा कशाला? तिसरा आजारी असेल तर त्यालाही काढू दे ना."

मी त्याला कुबरनेटिसचे स्वतःचे आकडे दाखवते. बंद पडलेल्या नोडांवरचं काम तो मूळ सेटिंगमध्ये दर १० सेकंदांना एका नोडएवढ्या गतीने हलवतो. एका विभागातले ५५ टक्के किंवा जास्त नोड एकदम आजारी दिसले तर गती दर १०० सेकंदांना एक नोड इतकी कमी करतो. क्लस्टर ५० नोडांचं किंवा लहान असेल तर हलवणं थांबवतोच. आणि सगळेच विभाग पूर्ण आजारी दिसले तर मुख्य सर्व्हरचंच नेटवर्क गेलं असावं असं धरून कोणालाच हलवत नाही. बोर्गच्या निबंधातही हेच कारण दिलं आहे: खूप मशीन गेली की नेटवर्क दुभंगलं, हे आतून ओळखता येत नाही. एकदम सगळे आजारी दिसू लागले तर आधी तपासणाऱ्याला तपासायचं.

मग रोब्लॉक्सची हकिगत सांगते. हा मुलांच्या खेळांचा मोठा मंच. तिथे कुबरनेटिस नव्हतं, नोमॅड आणि कॉन्सल या प्रणाली होत्या, १८,००० हून अधिक सर्व्हर आणि १,७०,००० कंटेनर. २८ ऑक्टोबर २०२१ पासून सेवा ७३ तास बंद राहिली. सुरुवातीला एखादं मशीन मंद पडलं असावं असा संशय होता. म्हणून त्यांनी एक मशीन बदललं, पुढे आणखी ताकदीची मशीन आणली. दोष मशीनमध्ये नव्हता. कॉन्सलमध्ये चालू केलेली एक नवी सुविधा आणि तिच्या आतल्या साठवणीतली एक अडचण यांनी सगळं जाम केलं होतं. त्यांनी हे सगळं नंतर सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं, म्हणून आज आपण त्यातून शिकू शकतो.

"म्हणजे मशीनवर आळ घेण्याआधी पुरावा बघायचा," तो म्हणतो.

"काढायला संशय पुरतो," मी म्हणते. "दोषी ठरवायला पुरावा लागतो. आणि काढताना मोजून काढायचं."

रात्री ८.००

दिवसातलं सगळ्यात चिवट काम आता निघतं. जुने रिपोर्ट उघडायला काही लोकांना वेळ लागतो आहे, सगळ्यांना नाही. कुठलाही अलर्ट नाही.

सरासरीत हे दिसत नाही, म्हणून मी एकाच सेवेच्या पॉडांचा प्रतिसाद-वेळ नोडवार मांडते. सगळ्या रेघा एकमेकींना चिकटून आहेत, एक वर तरंगते आहे: नोड ९. नेटवर्क कार्डाची गती विचारते. उत्तर येतं: प्रति सेकंद १,००० मेगाबिट. असायला हवी १०,०००. तांब्याची केबल खराब झाली की दोन्ही टोकं आपसांत ठरवून कमी गतीवर उतरतात आणि काम चालू ठेवतात. 'मी आहे' हा निरोप काही बाइटांचा. तो दहापट अरुंद वाटेनेही वेळेत पोचतो. अडतात ती मोठी पीडीएफ.

मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१७ मध्ये अशा बिघाडांवर लिहिलं आणि त्यांना करडे बिघाड म्हटलं. तपासणाऱ्याला मशीन ठीक दिसतं, वापरणाऱ्याला ते बिघडलेलं असतं. दोघांच्या अनुभवात पडलेली ही फूट हेच त्यांचं लक्षण. त्यावर उपाय म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने मोजणं, आणि मोजलेलं नोडवार वेगळं करून बघणं.

नोड ९ कॉर्डन, मग ड्रेन. नोड २२ नव्या डिस्कसह दुपारीच परत आला आहे, त्यामुळे जागा आहे. डेटा सेंटरला केबल बदलायला सांगते. नोडच्या तपासणीत कार्डाच्या गतीची एक ओळ वाढवते. पुढच्या वेळी हे शोधायला माणूस लागू नये.

रात्री १०.००

रात्रपाळीसाठी नोंद लिहिते. नोड १४: मेमरी बदलली, रात्रभर चाचणी चालू, सकाळी परत घ्यावा. नोड ३१: डिस्क उद्या. नोड ९: केबल बदलणार, गती १०,००० दिसल्याशिवाय रांगेत घेऊ नये. एकूण तीन नोड बाहेर, जागा पुरेशी, एकही पॉड लटकलेला नाही.

क्लस्टर सांभाळणाऱ्या, आणि त्यांच्या खर्चावर सही करणाऱ्या, वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे. शेड्युलरला मशीनचा आजार आपोआप समजत नाही. तो सांगण्याची व्यवस्था करा. पाळीवरच्या माणसाला संशयित मशीन कोणाला न विचारता बाजूला काढण्याचा अधिकार द्या, कारण चांगलं मशीन तासभर रिकामं राहिल्याचं नुकसान भरून निघतं, वाईट मशीन तासभर कामात राहिल्याचं निघत नाही. आणि तीन नोडांची जागा मोकळी दिसली तर ती वाया जाते आहे असं समजून काढून घेऊ नका. आजच्या दिवसातला प्रत्येक रिपोर्ट त्या मोकळ्या जागेमुळेच रुग्णापर्यंत पोचला.